प्रागला अर्धा दिवस

"प्रागला अर्धा दिवस," नवऱ्याने कॅलेंडरवर पेन आपटलं. "तुझ्या ताईकडे चहा घ्यायचा आणि निघायचं. मुक्काम नाही."

सासूबाईंनी मान डोलावली. ताईने तिथल्या गोऱ्या माणसाशी लग्न केलं, तेव्हापासून अकरा वर्षं या घरात तिचं नाव काढायची सोय नव्हती. पॅरिसला चार दिवस, स्वित्झर्लंडला पाच, रोमला तीन. मी नवऱ्याला विचारलं, "एक रात्र तरी?"

"युरोप बघायला चाललोय, तुझ्या माहेरपणाला नाही. तुला काय कळतंय त्यातलं? तू फॉर्म भर."

मी फॉर्म भरले. हॉटेलंही मीच ठरवली.

काल पासपोर्ट आले. आतला व्हिसा बघून तो माझ्यावर खेकसला, "हा चेक रिपब्लिकचा कसा?"

"या सगळ्या देशांना एकच व्हिसा चालतो. ज्या देशात सगळ्यात जास्त मुक्काम, त्याच देशाकडे अर्ज करावा लागतो. प्रागला सहा रात्री आहेत."

"रद्द कर सगळं!"

"मग व्हिसाही नव्याने काढावा लागेल. विमान परवा आहे."

सासूबाईंनी पासपोर्ट हातात घेतला. "आणि पॅरिस?"

"अर्धा दिवस," मी म्हणाले. "चहा घ्यायचा आणि निघायचं."