देवापुढची सुपारी

विलायतेत लढाई पेटली, देवासात तांबं महागलं आणि रंगोबा तांबटाची झोप उडाली. भवानीबाईंच्या लेकीच्या लग्नातल्या हंड्याचा भाव तो आधीच सांगून बसला होता. रिवाजाप्रमाणे बाईंनी देवापुढची सुपारी दिली होती. कारागिराने ती फोडली की भाव पक्का. “फोडली नाहीस ना, भिया?” शेजारचा वकील त्याला म्हणाला. “मग परत दे अन् मोकळा हो.” सुपारी चंचीत घालून रंगोबा बाईंच्या ओसरीवर आला. बाई पूजेत होत्या. तो बसला, उठला, पुन्हा बसला. कसं सांगावं, या विचारात अडकित्ता कधी चालला, त्यालाच कळलं नाही. तळहातावर देवापुढच्या सुपारीची दोन खांडं! चंचीत दुसरी अख्खी सुपारी होती. ती दिली तर कुणाला कळणार? तेवढ्यात बाई बाहेर आल्या. “काय हो, सकाळीच?” रंगोबाने खांड तोंडात टाकलं. “हंड्याला कड्या दोन लावू की चार?”