आईचा जबाब

भिंतीवरच्या पडद्यावर साची दोनदा उभी होती, दोन्हीकडे पंचावन्न वर्षांची. एक नॉर्मल बाळंतपण झालेली, दुसरी सिझेरियन झालेली. उतारवयात यांतल्या कोणाचा लघवीवर ताबा राहील, हे यंत्र आज सांगणार होतं. गरोदर साचीच्या तपासण्या आटोपल्या होत्या. फक्त आईचा जबाब बाकी होता, कारण मुलीचं शरीर आईच्या वळणावर जातं, असं यंत्र धरून चालायचं.

"मावशी, तुमचं बाळंतपण कसं झालं?" डॉक्टरीणबाईंनी विचारलं.

"नॉर्मल. पण बाळ चिमटा लावून काढावं लागलं होतं," हेमलताबाई म्हणाल्या.

"आता खोकताना, हसताना लघवी सुटते का?"

शेजारी जावई बसला होता. हेमलताबाईंनी सकाळपासून पाण्याचा थेंब घेतला नव्हता. पिशवीत नेहमीसारखा जादा परकर होता. हा प्रश्न त्यांना आजवर नवऱ्यानेही विचारला नव्हता, तरी उत्तर तयारच होतं.

"छे, मला कसलाच त्रास नाही."

पडद्यावर नॉर्मलवाली साची हिरवी झाली, म्हणजे धोका नाही.

"बरं झालं. मला पोट फाडून घ्यायचंच नव्हतं," साची म्हणाली आणि तिने संमतीचा अंगठा टेकवला.

हेमलताबाईंना काहीच वाटलं नाही. एसीच्या गारठ्याने त्यांना शिंक आली.

"चल आई."

"तुम्ही व्हा पुढे," त्या म्हणाल्या आणि पिशवी मांडीवर दाबून तशाच बसून राहिल्या. समोर पंचावन्न वर्षांची साची अगदी मोकळेपणाने हसत होती.