जाळीवरचं पान

"पंखा तर फिरतोय की, अण्णा!" भर घाटात ट्रकचं बॉनेट उघडून धाकटा भाऊ, सुदाम, ओरडला. रेडिएटरमधून वाफ उसळत होती. मागे खोक्यांत त्याच्या पोल्ट्रीची दोन हजार पिल्लं चिवचिवत होती. उभ्या गाडीत त्यांना वारा नव्हता.

इंजिनाच्या पट्ट्यावरचा जुना पंखा काढून विजेचा बसवायचा सल्ला माझाच, पुस्तकात वाचून दिलेला. घाटाखाली चहाला थांबलो होतो, तेव्हा मी फिरत्या पंख्यासमोर रेडिएटरच्या जाळीला वर्तमानपत्राचं पान लावून पाहिलं. पंखा हवा आत ओढत असेल तर पान चिकटतं. ते उडून माझ्या तोंडावर आलं. वायरी उलट जोडल्यात, असं वाटलं. पण जोडणारा मुरलेला मिस्त्री. वाचनालयात आयुष्य घालवलेल्या मला काय कळतं? गप्प राहिलो.

आता सांगितलं. सुदामनं वायरी बदलल्या, इंजिन निवल्यावर पाणी ओतलं, चावी फिरवली. इंजिन जाम झालं होतं.

"खालीच बोलायचं होतं ना, अण्णा..." एवढंच म्हणून तो खोकी झाडाखाली नेऊ लागला. मीही एक उचललं. आतून आवाज येईना. कानाशी धरलं आणि तसाच उभा राहिलो.