एक लाख तीन बांबू

"मंग वाटपातून कुंताबाईचं घर काढा," उमाजी म्हणाला. तो ग्रामसभेचा अध्यक्ष. गावच्या जंगलातून तोडलेला बांबू समोर रचून ठेवला होता. एक लाख तीन नग. घरं त्रेचाळीस. भाग जात नव्हता. अठ्ठावीस उरत होते.

मागच्या वर्षी सात उरले होते. त्या सातांवरून दोन डोकी फुटली. दोन बाजूंना एकेक, त्यामुळे त्या वाटपाबद्दल कोणाची तक्रार नव्हती. पण तेव्हापासून ठराव झाला: बाकी शून्य आली तरच बांबू वाटायचा.

कुंता मागे बसली होती. एकटी बाई, टोपल्या विणून जगते. बांबू नाही तर टोपली नाही, टोपली नाही तर तेलमीठ नाही.

"मीच काऊन, उमाजीभाऊ?"

"तुह्या घरी एकच माणूस. कमी लोकाईले तरास."

रश्मी उठली. गावातली एकुलती एक गणिताची एम.एस्सी. नोकरी लागेपर्यंत म्हणून ग्रामसभेचं लिहिणं पाहायची. त्याला चार वर्षं झाली होती.

"घर काढून उपयोग नाई," ती म्हणाली. "एक लाख तीन मूळ संख्या आहे. सहा आकड्यांतली सगळ्यात लहान. एक आन् ती स्वतः, बाकी कशानंच तिले भाग जात नाई. कोणाचंही घर काढा, चार काढा, काही ना काही उरतेच."

संख्या इतकी हट्टी असू शकते हे गावाला नवीन होतं. कुंताने पदराने तोंड पुसलं. आयुष्यात पहिल्यांदा कोणीतरी तिच्या बाजूने उभं राहिलं होतं, आणि तो आकडा होता.

उमाजीने जरा वेळ डोकं खाजवलं. "एक बांबू बाजूले ठेवला तं?"

रश्मीने मोबाइलवर हिशेब केला. परत एकदा केला. मग मोबाइल पिशवीत ठेवला.

"बोल ना बाई," उमाजी म्हणाला.

"बेचाळीस घरं," ती खाली पाहत म्हणाली. "घरटी दोन हजार तीनशे एक्क्याऐंशी. बाकी शून्य."

टाळ्या वाजल्या.

"पण अठ्ठावीस बाजूले ठेवले तं त्रेचाळीस घराईतही जमते," रश्मी घाईने म्हणाली.

"अठ्ठावीस बांबू वाया घालवाचे?" उमाजीला मनापासून वाईट वाटलं. सभेलाही वाटलं.

घरटी एक हात वर झाला. बेचाळीस. त्यात रश्मीच्या बापाचाही होता.

मग उमाजीने तो उरलेला बांबू स्वतः उचलून आणला आणि कुंतापुढे ठेवला. गाव काही अगदीच निर्दय नव्हतं.

कुंताने बांबूवरून बोटं फिरवली. चांगला सरळ होता.

"अजून एक द्या, उमाजीभाऊ," ती म्हणाली. "तिरडीले दोन लागते."