सहातून एक

बारा वाजत आले तरी सहाजणांपैकी एकानेही बटण दाबलं नव्हतं. विभागाच्या तळघरातल्या कॅन्टीनमध्ये सगळे एकाच टेबलाभोवती बसले होते आणि प्रत्येकाने आपला लॅपटॉप पत्त्यांच्या डावासारखा छातीशी धरला होता. चहा गार झाला होता. बाहेर समुद्रावरून धुकं चढत होतं, पण आज त्याला नावं ठेवायलाही कोणाला सवड नव्हती. शेवटच्या वर्षाचे विषय नोंदवायची यादी बाराला बंद होणार होती.

दोन घरचा पाहुणा उपाशी, तशी या पोरांची गत. पदवी अर्धी तत्त्वज्ञानाची, अर्धी अर्थशास्त्राची. इकडे विचारलं की तिकडे जा म्हणायचे, तिकडे विचारलं की इकडे. त्यामुळे आपलं आपणच ठरवायची त्यांना सवय लागली होती. या खेपेला ठरवलं होतं मोर्वनने. लॉरिमर सरांचा ‘वचन’ हा विषय पाचजणांनी घेतला तरच चालणार होता, आणि तो चालला तरच सरांची नेमणूक आणखी एक वर्ष वाढणार होती. मोर्वनला प्रबंध सरांकडेच लिहायचा होता. दुसरं कोणी तिला पदरात घ्यायला तयार नव्हतं. यात तत्त्वज्ञान फार आहे, असं अर्थशास्त्रवाले म्हणाले. अर्थशास्त्र फार आहे, असं तत्त्वज्ञानवाले. म्हणून ईस्टरच्या सुट्टीआधी ती एकेकाच्या खोलीवर गेली होती, हातापाया पडली होती आणि प्रत्येकाकडून हो म्हणवून घेतलं होतं. पाच हवे होते. तिला धरून सहा झाले.

अडचण एवढीच, की गुरुवारी सकाळी सरांच्या तासाच्याच वेळेला अर्थमितीचा, म्हणजे अर्थशास्त्रातल्या आकडेमोडीचा, वर्ग होता. अर्थमिती नसेल तर एडिनबर्गच्या बँका काय आणि लंडनची सरकारी खाती काय, कोणी दारात उभं करत नाही, हे पहिल्या वर्षापासून सगळ्यांनी कानीकपाळी ओरडून सांगितलं होतं.

“एल्स्पेथ, दाबलंस का गं?” मोर्वनने विचारलं.

“दाबते ना. तू आधी.”

“मी काय, दाबल्यातच जमा आहे.”

“मग दाब की बाई! मुहूर्त बघतेयस का?”

सगळे हसले, जरा जास्तच हसले. स्ट्रूअन तेवढा मान खाली घालून बेकनचा पाव खात होता. कोपऱ्यातला कॉलम घड्याळाकडे बघून पाय हलवत होता, आणि त्याच्या पायाने अख्खं टेबल हलत होतं.

आपापलं भलं बघणारी शहाणी माणसं एकत्र आली की सगळ्यांचं वाटोळं कसं होतं, यावर याच पोरांनी गेल्या वर्षी पानंच्या पानं लिहिली होती. मोर्वनला तर त्यात वर्गात सगळ्यात जास्त गुण पडले होते.

पण आता तिच्या डोक्यात एकच गणित फिरत होतं. सहा आहेत, पाच हवेत. सहातून एक गेला तरी पाच उरतातच. मग तो एक आपणच का असू नये? सर राहतील, प्रबंध होईल, अर्थमितीही मिळेल, आणि कोणाचं काही बिघडणार नाही. आठवडाभर तिने हे उलटंसुलटं करून पाहिलं होतं. त्यात चूक सापडत नव्हती. तरी तिला स्वतःची लाज वाटत होती.

चर्चची घंटा सुरू झाली. मोर्वनने अर्थमितीवर बोट टेकवलं आणि दाबलं.

“झालं!” कॉलम म्हणाला.

“माझंही.”

“सुटलो बाबा एकदाचे.”

सहाही लॅपटॉप फटाफट मिटले. कोणी कोणाकडे पाहिलं नाही. ते मोर्वनच्या लक्षात आलं.

थोड्या वेळाने लॉरिमर सर जिना उतरून आले. त्यांनी आधी चहा घेतला, दूध घातलं, आणि मग टेबलापाशी येऊन उभे राहिले.

“ऑफिसातून आकडा तेवढा कळला. एक नाव आलंय.”

“एक कमी पडलं?” एल्स्पेथने विचारलं.

“नाही गं. एकच आलंय.”

“सर, यादी पुन्हा उघडता येईल ना?” मोर्वन घाईघाईने म्हणाली. “आत्ताच तर बंद झाली.”

“विषय रद्द झाला, पोरी. मी वर सही करून आलो.”

“आणि माझा प्रबंध?” तिच्या तोंडून निघूनच गेलं.

“तो आता दुसऱ्या कोणाला तरी विचारून बघ. ऑगस्टअखेर मला खोली रिकामी करायचीय.” सर रागावले नव्हते. रागावले असते तर तिला बरं वाटलं असतं. त्यांनी खुर्ची ओढली आणि बसले. “सहातून एक गेला तर पाच उरतात. असंच ना? पाचही जणांनी तीच वजाबाकी केलीत. मी तुमच्या वयाचा असतो तर मीही केली असती. न करणारा कोण, तेवढं सांगा.”

स्ट्रूअनने तोंड पुसलं. “मी, सर.”

“तू?” कॉलम उसळला. “अरे गाढवा, सरकारी खात्यात जायचं म्हणून तूच ना अर्थमिती अर्थमिती करत होतास? एवढा साधा हिशोब नाही आला तुला?”

“आला की. तुमच्या आधीच केला होता मी.” स्ट्रूअनने मोर्वनकडे पाहिलं. त्याच्या आवाजात टोमणा नव्हता. “पण मी हिला हो म्हटलं होतं.”