तांब्याची खोली

अलेक्झांड्रियात ट्राम जवळून गेली की एका इस्पितळातले संगणक बिघडत. दोन कंत्राटदारांनी हात टेकले. मग नर्मीननं संगणकांसाठी बाहेरच्या विद्युतलहरी अडवणारी, तांब्याच्या पत्र्यानं मढवलेली खोली बांधली. आज त्या खोलीची परीक्षा होती.

"आत रेडिओ गप्प बसला ना, इंजिनिअरबाई, तर मिशी उतरवीन!" मिस्त्री उस्ता फहीम म्हणाला.

"वस्तरा काढून ठेवा, उस्ता."

गाणं लावलेला रेडिओ घेऊन ती आत गेली. दार लावताच गाणं तुटलं. ट्राम गेली, जमीन थरथरली. रेडिओत साधी खरखरही नाही. अभिमानानं तिचा ऊर भरून आला.

तेवढ्यात रेडिओतून एका बाईचा स्वच्छ आवाज आला.

"शाबास, नर्मीन. इतकी शांतता आम्हाला कुणीच दिली नव्हती. आता तेवढं दार उघडू नकोस."