तिसरी हाक

वरच्या वाटेवर बांगड्या वाजल्या आणि चेतनाने डोळे उघडले.

ती ओढ्याच्या कोरड्या पात्रात उताणी पडली होती. उजवा पाय गुडघ्याखाली मोडून पार मागे वळला होता. सायकल वर, उताराच्या मध्यावर, करवंदीच्या जाळीत अडकली होती आणि फोन सायकलच्या हँडलवर होता. सकाळी घाटकोपरहून निघताना एकटीने हिंडायचा तिला केवढा आनंद झाला होता! पवई, आरे, मग मुलुंडच्या डोंगरातली ही कच्ची वाट. चढ, सावली, पुढे कोणी नाही, मागे कोणी नाही. उतारावर पुढचं चाक सुट्या खडीवरून घसरलं आणि तोच एकांत तिच्या छातीवर येऊन बसला.

दुपारभर ती ओरडत होती. ओ दिली ती फक्त माकडांनी. आता ऊन डोंगराआड गेलं होतं. या डोंगरात बिबटे आहेत हे तिला आकडेवारीसकट माहीत होतं. बरगडीत अशी कळ येत होती की, फार तर दोन-तीन हाकांपुरता आवाज उरला असेल. तो वाया घालवून चालणार नव्हतं.

"सपना, बेगीन चल गो," वरून खरखरीत आवाज आला. "काळोख पडतलो."

"चालतेय ना, जानकीकाकी. एवढी घाई आहे तर करवंदांची टोपली तू घे डोक्यावर," दुसरी बाई म्हणाली. आवाज तरुण होता.

सपना. चेतनाला एकदम हुशारी आली. एम.एस्सी.च्या प्रकल्पात तिने हेच तर तपासलं होतं. कितीही गोंगाट असो, माणसाला स्वतःचं नाव सगळ्यात आधी ऐकू येतं. 'वाचवा' हा शब्द वाऱ्यावर जाईल, नाव जाणार नाही.

"सपना!"

बांगड्या थांबल्या. प्रयोग यशस्वी झाला होता.

"सपनाऽऽ!"

या वेळी शेवटचा स्वर चिरकला. ओढ्याच्या दगडांत घुमून तो परत आला तेव्हा तिला स्वतःलाच ओळखू आला नाही.

मग वरून दबकं बोलणं ऐकू आलं.

"ओ देऊ नको हां."

"काकी, बाईचा आवाज आहे."

"असूंदे. हय जंगलात तुझा नाव कोणाक ठाऊक? सांग बघू. तिसऱ्या हाकेक ओ द्यायची. भूत असला तर तिसरी हाक मारूचा नाय."

चेतनाला आपली चूक कळली. नुसतं 'वाचवा' म्हटलं असतं तर त्या कदाचित वाकून बघत्या. सगळ्या शब्दांतून तिने नेमका तोच निवडला होता, जो अनोळखी आवाजाने या रानात उच्चारायचा नव्हता.

पण उपायही त्यांनीच सांगितला होता. आणखी एक हाक. फक्त एक.

तिने श्वास ओढला. बरगडीत सुरी फिरल्यासारखं झालं आणि तोंडातून नुसती हवा आली. तिने पुन्हा ओढला. ओठ हलले, आवाज नाही. हाताला लागलेला दगड तिने दुसऱ्या दगडावर आपटला. खट्. खट्.

"ऐकलंस? आता दगड आपटता हा! चल आधी!"

बांगड्या पळत सुटल्या. लांब गेल्या. मग वाजायच्या बंद झाल्या.

झाडांचे रंग गेले, मग झाडंही गेली. चेतना अंधारात तिसऱ्या हाकेची तयारी करत पडून राहिली. स, प, ना. ओठांना सगळं येत होतं, घसा साथ देत नव्हता. आपण जिवंत आहोत याचा पुरावा म्हणजे एक हाक, आणि ती आपल्यापाशी नाही. हळूहळू तिलाही शंका यायला लागली. आपण खाली कोसळलो तेव्हा नक्की काय झालं होतं? एवढा मोडलेला पाय आता दुखत का नाही?

वाळलेली पानं चुरचुरली.

बिबट्या पावलांचा आवाज करत नाही, हे तिला आठवलं. जे येत होतं ते थांबत, धपापत, झुडपांना धरत, बांगड्या वाजवत खाली उतरत होतं. मोबाईलच्या दिव्याचा झोत आधी तिच्या पायांवर पडला. उजव्या पावलावर थांबला. टाच पुढे, बोटं मागे.

आता ही पळणार, चेतनाला वाटलं. पळणारच.

दिवा आणखी जवळ आला. एक घामेजलेला हात तिच्या कपाळावर टेकला आणि तिथेच राहिला.

"गरम आहेस गं बाई," सपना म्हणाली आणि शेजारी बसली. तिने बाटली उघडून चेतनाच्या ओठांना लावली.

"सपना!" वाटेवरून जानकीकाकीची घाबरी हाक आली.

"ओ!" सपनाने पहिल्याच हाकेला ओ दिली. "माणूसच आहे, काकी! वस्तीवर जा, चार जणांना घेऊन ये! झोळी आणायला सांग!"

पाण्याने घसा थोडा मोकळा झाला. चेतना कशीबशी पुटपुटली, "ताई, तिसरी हाक... मी मारलीच नाही."

"माहितेय मला."

"मग आलात कशा?"

सपनाने ओढणीची घडी करून तिच्या डोक्याखाली सरकवली. ती नीट बसली आहे ना, हे दोनदा चाचपून बघितलं.

"गेल्या वर्षी माझी आई इथेच पडली होती," ती म्हणाली. "तिनेही दोनच मारल्या. मी वर उभी राहून तिसरीची वाट बघत होते."